जीप ते थार : निलंग्याच्या फाट्यावरून पाहिलेला एका गाडीचा पुनर्जन्म

१/
निलंग्याला आजही रेल्वे नाही. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रूळवाट १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली, पण निलंगा रुळांपासून दूरच राहिला. त्यामुळे मांजरा-तेरणेच्या काळ्या मातीतल्या या मुलखाचा विसाव्या शतकातील इतिहास रस्त्यावरून वाचावा लागतो, आणि त्या रस्त्यावर बैलगाडी व एसटी यांच्यामध्ये एक तिसरे वाहन उभे असते : जीप. हा धागा त्या जीपचा, तिच्या आजच्या अवताराचा, आणि दोघींवरून हौशी लोकांत चाललेल्या वादाचा.

२/
वाद थोडक्यात असा. ‘थार’ ही जुन्या जीपची खरी वारस आहे की तिचे केवळ रूप घेतलेली वेगळीच गाडी? जुन्या वाहनांचे रसिक या प्रश्नावर तासन्‌तास बोलू शकतात. वरवर पाहता हा छंदाचा विषय वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी इतिहासाचा एक जुना पेच आहे : वस्तूचे ‘मूळ रूप’ कोणते, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

३/
आरंभ अमेरिकेत होतो. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. मुदत पाळली ती बँटम नावाच्या लहानशा कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने रेखाटलेली तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली झाली.

४/
मोठी कंत्राटे मात्र बँटमच्या हाती राहिली नाहीत. विलीस-ओव्हरलँडचे साठ अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरले. पुरवठा वाढवण्यासाठी फोर्डलाही तोच आराखडा देण्यात आला. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. म्हणजे ज्या गाडीच्या ‘अस्सलपणा’बद्दल आज भांडणे होतात, तिचा जन्मच तीन कारखान्यांच्या सामाईक अंगणात झाला. हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

५/
भारतातील कथा २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. एका पाटीवरच्या नावात फाळणीचा एवढा इतिहास क्वचितच सामावलेला असतो.

६/
स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबईत विलीस जीपच्या जुळणीला प्रारंभ झाला. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे जोडले जात. याच सुमारास जीप हा शब्द राजकारणातही गाजला. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात १९४८ मध्ये लष्करासाठी सुमारे ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार झाला आणि प्रत्यक्षात १५५ जीपच भारतात पोहोचल्या. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा म्हणून या प्रकरणाचा उल्लेख होतो.

७/
त्याच वर्षी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, हैदराबाद संस्थानावर भारतीय सैन्याची कारवाई झाली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फळी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे सरकली. निलंगा तेव्हा संस्थानातील बिदर जिल्ह्याचा तालुका होता. संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली होती. तरी आडगावांच्या वाटा बैलगाडीच्याच होत्या. अशा मुलखात चारही चाकांना गती देणारे वाहन म्हणजे सत्तेचा नवा हात होता.

८/
१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बिदरपासून तोडून मुंबई राज्यात आणले गेले. निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर तो लातूरचा तालुका झाला. तीन जिल्हे बदलले, पण कचेरीबाहेर उभी असणारी गाडी तीच राहिली. तहसीलदार, गटविकास अधिकारी, फौजदार, कुटुंबनियोजनाचे पथक, निवडणुकीचा कर्णा : ग्रामीण माणसाच्या दारी ‘सरकार’ आले ते बहुतेक वेळा जीपमधून.

९/
अमेरिकेत विलीसने १९५३ मध्ये ‘सीजे-३बी’ हे नागरी वापराचे प्रारूप काढले. नव्या, उंच इंजिनामुळे तिचे बॉनेट उंचावले; म्हणून आपल्याकडे रसिकांत ‘लो-बॉनेट’ आणि ‘हाय-बॉनेट’ असा भेद रूढ झाला. अमेरिकेत या गाडीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तोच साचा चालू राहिला. जन्मभूमीत इतिहासजमा झालेली गाडी इथे रोजची कामकरी गाडी होती.

१०/
आता गोष्टीतला खरा वळणबिंदू. पेट्रोल महाग, डिझेल स्वस्त. त्यामुळे जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवणे हा गावोगावच्या गॅरेजांचा हुकमी उद्योग झाला. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्याही अशाच नव्या संसाराला लागल्या. पुढे कंपनीनेच प्यूजोच्या तंत्रज्ञानावरील डिझेल इंजिने स्वीकारली आणि ‘एमएम ५४०’सारखी प्रारूपे आली. कारखान्याने जे केले, तेच वेल्डिंगच्या ठिणग्यांत मेस्त्रीही आपल्या परीने करीत होता.

११/
दुसरा बदल लांबीचा. लष्करी जीप चार माणसांची. मराठवाड्याला हवी होती दहा-बारा माणसांची. कंपनीने लांब चेसिसची ‘कमांडर’ दिली. पुण्याच्या बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ही याच गरजेतून रुजली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालक सोडून सहापेक्षा अधिक आणि बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनाला ‘मॅक्सी कॅब’ म्हटले. लोकांनी तिच्या रंगावरून सोपे नाव दिले : काळी-पिवळी.

१२/
निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी काळी-पिवळीचे वेळापत्रक घड्याळावर नसे. ते शिटा भरण्यावर असे. एसटी चुकलेला विद्यार्थी, बाजाराला निघालेली बाई, दवाखान्यात न्यायचा म्हातारा, कोंबड्यांची पाटी, खताचे पोते, सारे एकाच ताडपत्रीखाली. औराद शहाजानी असो वा कासार शिरसी, फाट्यावर हात केला की ती थांबे. मागच्या फळीवर लोंबकळणारी माणसेही तिचाच भाग होती, आणि अपघाताच्या बातम्याही. या गाडीची आठवण गोड करून सांगताना ती दुसरी बाजू झाकता येत नाही.

१३/
ऑक्टोबर २०१० मध्ये ‘थार’ आली. हे नाव नवे होते, पण रूप थेट ‘सीजे’च्या घराण्यातले : उघडे बिजागर, सपाट मडगार्ड, कापडी टप. आत मात्र बोलेरोच्या काळातील कॉमन रेल डिझेल इंजिन आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. २०१९ मध्ये ‘थार ७००’ या नावाने शेवटच्या सातशे गाड्या काढून या पिढीला निरोप देण्यात आला. जुन्या मताचे रसिक याच गाडीला वंशातील अखेरची जीप मानतात.

१४/
दुसरी थार १५ ऑगस्ट २०२० रोजी जगापुढे आली आणि २ ऑक्टोबरला, म्हणजे कंपनीच्या वर्धापनदिनी, बाजारात. कठीण छप्पर, स्वयंचलित गिअर, टचस्क्रीन, टर्बो पेट्रोल इंजिन आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे. जानेवारी २०२३ मध्ये तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्ती आली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची ‘थार रॉक्स’. नाशिकच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी आज महाराष्ट्राच्या शहरी रस्त्यांवर सर्रास दिसते.

१५/
येथेच रसिकांचे तीन तट पडतात. पहिला तट मूळवाद्यांचा. त्यांच्या मते चारही चाकांची गती हा जीपचा प्राण. दुमडणारी काच, जाड पत्रा आणि चार पान्यांत उघडणारे इंजिन हे तिचे शरीर. दोन चाकांवर चालणारी थार त्यांना सोंग वाटते. रस्त्याकडेला स्वतः दुरुस्त करता येणे हा या गाडीचा गुण होता. आता बिघाड शोधायला संगणक जोडावा लागतो, ही त्यांची तक्रार. हा आक्षेप पोकळ नाही.

१६/
दुसरा तट नवतावाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या जीपमध्ये एअरबॅग नव्हती, बाजूने आधार नव्हता, पावसात कोरडे राहण्याची शाश्वती नव्हती. सुरक्षिततेशिवाय कुटुंबाने गाडीत का बसावे? शिवाय जीप तरी केव्हा स्थिर होती? १९४१ च्या आणि १९५३ च्या जीपमध्ये फरक होताच. परंपरा म्हणजे गोठलेले रूप नव्हे, असे ते सांगतात. हाही युक्तिवाद सहज खोडण्यासारखा नाही.

१७/
तिसरा तट बोलत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणजे काळी-पिवळीचा चालक, तिच्यात बसलेला प्रवासी, आणि तिला डिझेल इंजिन बसवणारा मेस्त्री. पहिल्या दोन तटांसाठी जीप ही ‘अनुभूती’ आहे. तिसऱ्यासाठी ती पोटापाण्याचे साधन होती. नव्या थारच्या जाहिरातींत वाळवंट आणि डोंगर दिसतात. निलंग्याचा फाटा त्यांत नसतो. पुनर्जन्मात साहस परत आले. श्रम मागे राहिले.

१८/
असा निवडक पुनर्जन्म केवळ जीपच्याच वाट्याला आलेला नाही. बजाजचा ‘चेतक’ घ्या. पियाजिओशी असलेला परवाना १९७१ मध्ये संपल्यावर पुढच्या वर्षी महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव घेऊन ही स्कूटर आली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. पत्र्याचे अंग राहिले. किक, हाताने बदलायचे गिअर आणि गाडी तिरकी करून सुरू करण्याची ती प्रसिद्ध रीत मात्र गेली.

१९/
‘टाटा सिएरा’ १९९१ ची. मागच्या बाजूला छताकडे वळलेली मोठी काच ही तिची ओळख. २०२० च्या ऑटो एक्स्पोत तिचे नवे रूप मांडले गेले तेव्हा सर्वांची नजर प्रथम त्या काचेकडे गेली. उलट ‘प्रीमियर पद्मिनी’ परतलीच नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून जगली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

२०/
जगातही हेच. ‘मिनी’ बीएमडब्ल्यूच्या मालकीखाली नव्याने आली, ‘फियाट ५००’ पन्नास वर्षांनी २००७ मध्ये परतली, ‘लँड रोव्हर डिफेंडर’ २०१६ मध्ये थांबून २०१९ मध्ये नव्या देहात अवतरली. बहुतेक ठिकाणी एक समान सूत्र दिसते : स्वस्त, कामकरी, साधी वस्तू परत येताना महाग, आरामदायी आणि शौकाची होऊन येते. स्मृतीला बाजारात किंमत असते, आणि ती किंमत भरू शकणाऱ्याच्या आवडीप्रमाणे स्मृती घडवली जाते.

२१/
मग मालकी कोणाची? या प्रश्नाला न्यायालयीन उत्तरही शोधले गेले. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची, रस्त्याबाहेर चालवायची गाडी आणली. ती जुन्या जीपचेच रूप होती. तेव्हा ‘जीप’ या नाममुद्रेची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० मध्ये आयोगाने रॉक्सरचे ते रूप जीपच्या ओळखीचे उल्लंघन ठरवून विक्रीस मनाई केली. महिंद्राने पुढचा चेहरा बदलला. बदललेल्या रूपास त्याच वर्षी मान्यता मिळाली, तरी वाद न्यायालयात पुढेही चालला.

२२/
यातील विसंगती पाहण्याजोगी आहे. बँटमने घडवलेले, विलीस आणि फोर्डने वाढवलेले आणि भारतीय कामगारांनी जन्मभूमीपेक्षा कितीतरी अधिक काळ जिवंत ठेवलेले रूप कायद्याच्या दृष्टीने शेवटी नाममुद्रा विकत घेणाऱ्याचे ठरले. कायदा मालक ओळखतो. रूप जिवंत ठेवणाऱ्या हातांसाठी त्याच्याकडे रकाना नाही.

२३/
दुसरा रकाना आपल्याकडचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. वाहन पन्नास वर्षांहून जुने असावे, मूळ रूपात जतन केलेले असावे, आणि चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणी शुल्क २०,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही खूण. रोजच्या किंवा व्यापारी वापरास मनाई. जुन्या वाहनांना सन्मान देणारा हा नियम स्वागतार्हच आहे.

२४/
पण निलंग्याच्या फाट्यावरून तो कसा दिसतो? इंजिन बदललेली, शिटांसाठी मागे लांबवलेली, पन्नास वर्षे राबलेली जीप या व्याख्येत बसत नाही. जी गाडी लिलावातून थेट एखाद्या संग्राहकाच्या शेडमध्ये गेली, ती ‘वारसा’. जिने हजारो माणसे वाहिली, ती ‘फेरफार केलेले वाहन’. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल कायद्याला मान्य नाहीत. रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक पोकळी उरते.

२५/
त्यात भर जुन्या वाहनांच्या खर्चाची. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. धूर आणि धोका पाहता जुनी वाहने कमी व्हावीत हे धोरण समजण्यासारखे आहे. तथापि भंगारात सर्वांत आधी जाते ती गरिबाची, राबलेली, बदललेली गाडी. उरते ती चकचकीत, न वापरलेली. शंभर वर्षांनी संग्रहालयात जीप पाहणाऱ्याला वाटेल की भारतात या गाड्या केवळ मिरवणुकीसाठी होत्या.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. निलंग्याचे नीळकंठेश्वराचे पुरातन मंदिर पाहताना शिल्पांबरोबरच शतकांचा वावर, डागडुजी, चुन्याचे थर आणि पुजाऱ्यांची सोयही दिसते. तिथे ‘मूळ’ शोधताना पुढचे थर खरवडून टाकणे हा दोष मानला जातो. मग जीपच्या बाबतीत वेगळा न्याय का? बसवलेले डिझेल इंजिन हाही एक थर आहे. तो मराठवाड्याने लिहिलेला आहे.

२७/
थार खरी की खोटी, या वादाचे उत्तर म्हणूनच तिच्या जाळीच्या फटी मोजून मिळणार नाही. ती उत्तम गाडी असू शकते, सुरक्षित तर ती आहेच. तिने जुन्या जीपचा चेहरा पुढे नेला, हेही खरे. मात्र वारसा म्हणजे चेहरा एवढेच मानले, तर काळी-पिवळीचे अर्धशतक कुठेच नोंदले जाणार नाही. मूळवादी आणि नवतावादी यांचे भांडण कितीही जोरात चालले, तरी या एका बाबतीत दोघेही सारखेच विसराळू आहेत.

२८/
ही नोंद करायला मोठा निधी लागत नाही. जुने आरसी बुक, मॅक्सी कॅबचा परवाना, लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोत मागे उभी असलेली जीप, आणि तिचे इंजिन कोणत्या साली, कोणत्या गाडीतून काढून बसवले हे सांगू शकणारा म्हातारा मेस्त्री : साधने एवढीच. त्यातले कागद अजून पेटीत आहेत आणि मेस्त्री अजून गॅरेजात बसतात. गाडीला नवा जन्म कारखाना देऊ शकतो. तिने वाहिलेल्या माणसांचा इतिहास मात्र त्या माणसांच्या नातवंडांनाच लिहून ठेवावा लागेल.

धागा समाप्त.